बाभुळगावचे आजोबा आणि भाड्याच्या बोटी

मारोतराव गावंडे यांना जगात एकच माणूस सहन होत नसे, आणि नेमका त्याच माणसाचा त्यांना जन्मभर मान ठेवावा लागणार होता. हा माणूस म्हणजे त्यांच्या मुलीचे सासरे, उमरखेडचे श्रावणराव वानखडे. तसं पाहिलं तर श्रावणरावांनी त्यांचं काहीच वाकडं केलं नव्हतं. बिचाऱ्यांचं खत-बियाण्याचं दुकान होतं, बोलणं मऊ होतं, लग्नात त्यांनी एका शब्दानं कुरकुर केली नव्हती, आणि त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणापाशी तक्रार करायचीही सोय उरली नव्हती. त्यांचा गुन्हा एकच. नात त्यांना नुसतं ‘आजोबा’ म्हणायची, आणि मारोतरावांना ‘बाभुळगावचे आजोबा’.

नात म्हणजे खुशी. मुलगी दीपमाला आणि जावई अंकुर पुण्याला नोकरीला, त्यांची ही एकुलती एक पोर. दुसरीत होती. पुढचे दात पडलेले, जीभ मात्र शाबूत. सुट्टीत ती आधी उमरखेडला जायची, मग बाभुळगावला यायची आणि फाटकातूनच हाक मारायची, “बाभुळगावचे आजोबा, आम्ही आलो.” मारोतराव धावत बाहेर येत खरे, पण त्यांचा निम्मा आनंद फाटकापाशीच सांडलेला असे.

“मी काय एष्टी हाओ, गावाची पाटी लावाले?” असं ते बायकोला विचारत. तानाबाई भाजी निवडता निवडता सांगत की लेकराला दोन आजोबा आहेत, ओळखू यायला काहीतरी लावावंच लागेल. मग उमरखेडवाल्याला काहून नाही लावत, असा मारोतरावांचा पुढचा सवाल असे. यावर तानाबाई भाजीतली कीड बघण्यात गुंग होत.

एसटीचा दाखला त्यांच्या तोंडी सहज येई. त्यांची सगळी नोकरी बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत, माइकसमोर, वाहतूक नियंत्रक म्हणून गेली होती. हजारो लोकांना कुठली गाडी कुठं लागली आहे हे त्यांनी सांगितलं होतं आणि लोकांनी मुकाट्यानं ऐकलं होतं. निवृत्तीनंतर माइक गेला, आवाज राहिला. घरात मीठ मागितलं तरी शेजारच्या घरात लोक मीठ शोधू लागत.

या दिवाळीत खुशी भाऊबीजेला आली ती उमरखेडच्या बातम्यांचं गाठोडं घेऊनच. चकलीचे तुकडे करता करता तिनं सांगितलं, की आजोबांनी तिला घोडा घेऊन दिलाय. मारोतराव मनातल्या मनात हसले. खताच्या दुकानदाराला घोडा कशाला लागतो? लेकरू आहे, बोलतं. मग तिनं सांगितलं, की आजोबांनी तिला बोटीतून नेलं, खूप लांब, पाणी एवढं मोठं की पलीकडचं दिसतच नव्हतं. आता मात्र मारोतरावांच्या हातातला लाडू हातातच राहिला. उमरखेडकडे पैनगंगा आहे. नदी असेल तिथं बोट असू शकते. मागच्या उन्हाळ्यात याच मुलीनं उमरखेडचा उंट सांगितला होता, तेव्हा मारोतरावांनी तो कसाबसा गिळला होता. बोट काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

“तुम्ही बसलात का कधी बोटीत, बाभुळगावचे आजोबा?” खुशीनं अगदी सहज विचारलं.

त्या दिवशी मारोतरावांना दुपारची झोप लागली नाही. चार वाजता चहा समोर आला तेव्हा त्यांचा निर्णय झालेला होता. गावापासून जवळच पिंपळदरीच्या तलावावर बाबूसिंग नावाच्या माणसानं पायानं चालवायच्या बोटी ठेवल्या होत्या. त्या भाड्यानं घ्यायच्या. एक नाही, सगळ्या. दिवसभर. दुसरं कुत्रं त्या तलावात उतरता कामा नये. खुशीला पहिल्या बोटीत शेजारी बसवायचं, जावयानं फोटो काढायचा, आणि तो फोटो उमरखेडला कसा पोचेल एवढंच मग पाहायचं. त्यानंतर पोरगी गावाचं नाव लावते की नाही ते बघू, असं ते चहाच्या कपाला म्हणाले.

कॉलनीत कोणतीही गोष्ट करायची तर शेजारच्या धर्मपालजींना विचारल्याशिवाय होत नसे, आणि विचारलं तर मुळीच होत नसे. धर्मपालजी पोस्टातून निवृत्त झालेले. कधीकाळी सहलीबरोबर नैनीतालला गेले होते, तिथं बोटीत बसले होते, आणि तेव्हापासून पाण्यासंबंधीचा कॉलनीतला शेवटचा शब्द त्यांचा. मारोतरावांचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की बोटीत मुख्य असतो तो बॅलन्स.

“कोण कोणाच्या बाजूले बसते याच्यावर सारं हाय, गावंडेसाहेब. आधी सगळ्याईचं वजन पाह्यजे. वजनाशिवाय पाण्यात पाय ठेवसान तर मी जबाबदार नाही.”

ते जबाबदार असण्याचा प्रश्न मुळात कुठून आला, हे मारोतरावांना कळलं नाही. पण बोटीची गोष्ट शास्त्रशुद्ध व्हायला हवी होती. ते घरी गेले आणि तानाबाईंना त्यांचं वजन विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं कधी ‘तब्येत कशी आहे’ विचारलं नव्हतं, आणि आज थेट वजन. संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा आला. रात्रीच्या वरणातही काही तरी कमी होतं, पण ते काय, हे विचारायची मारोतरावांची हिंमत झाली नाही.

मग परवानगीचं प्रकरण निघालं. खरं तर परवानगी लागत नव्हती. बाबूसिंग रोजच बोटी चालवत होता, लोक बसत होते, उतरत होते. पण सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या माणसाला शिक्का नसलेल्या गोष्टीत मजा वाटत नाही. मारोतराव एका कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी सांगितलं की तलावाचा काठ आमचा, काठावर बसा, डबा खा, हरकत नाही, पाण्याचं मात्र दुसऱ्या कार्यालयात विचारा. दुसऱ्या कार्यालयात कळलं की पाणी त्यांचंच, पण पाण्याच्या वरून जे काही जातं ते त्यांच्याकडे येत नाही. तिथून त्यांना मच्छीमार सोसायटीकडे धाडण्यात आलं. सोसायटीच्या अध्यक्षांनी चहा पाजला आणि मासे आमचे एवढंच सांगितलं. म्हणजे काठाला मालक होता, पाण्याला होता, माशांनाही होता, फक्त बोटीत बसू पाहणाऱ्या मारोतराव गावंड्यांना या राज्यात कुणी वाली नव्हता. शेवटी बाबूसिंगनंच त्यांची समजूत घातली. “साहेब, तुमी या अन् बसा. एवढं काहून घाबरून राह्यले?” आपण घाबरलेलो नसून रीतसर वागत आहोत हे त्याला पटवून देण्यात मारोतरावांची एक सकाळ गेली.

खरा घाव घरूनच बसला. सगळं ठरल्यावर तानाबाई म्हणाल्या की आता इवायाले फोन करा. आपल्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि मुलीच्या सासरच्या इवायाला न विचारता घरात साधा सत्यनारायण होत नाही, तिथं लेक, जावई, नात घेऊन सगळा तलाव भाड्यानं घ्यायचा आणि त्यांना कळवायचं नाही, हे शक्यच नव्हतं. मारोतरावांनी बरेच युक्तिवाद केले. दोनशे बोटींचा कार्यक्रम असता तर गोष्ट वेगळी होती, म्हणाले. शेवटी तानाबाईंनी फक्त “दीपमालाले तिथं नांदाचं हाय” एवढंच म्हटलं, आणि विषय संपला.

पण मारोतरावही काही कच्चे नव्हते. वरपक्षाला आमंत्रण द्यायचं ते घरी जाऊन, कुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून. फोनवरून, आणि तेही आदल्या दिवशी बोलावणं म्हणजे ‘येऊ नका’ हे सभ्य भाषेत सांगणं. कोणताही मानी व्याही अशा बोलावण्याला ‘बघतो’ म्हणतो आणि बघत नाही. म्हणून मारोतरावांनी मुद्दाम फोनच केला, एकदाच केला, आणि तोही जेवणाच्या वेळेला.

“इवाई, उद्या आमी लेकराले घेऊन तलावावर जाऊन राह्यलो. तुमाले काही जमणार नाही म्हणा. हरभऱ्याच्या बियाण्याचा सीझन हाय.”

पलीकडे जरा शांतता झाली. मारोतरावांना ती फार गोड वाटली.

“येतो की व्याही,” श्रावणराव म्हणाले. “दुकान काय, रोजचंच आहे. पहाटं निघतो.”

मारोतरावांनी फोन ठेवला. एवढा अपमान केला तरी माणूस यायला तयार होतो, याचा अर्थ त्याला नक्कीच काहीतरी बिघडवायचं आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. वर धर्मपालजींनी कुंपणावरून आठवण दिली, की आता इवाई आणि विहीणबाई वाढले, तर बॅलन्ससाठी त्यांचंही वजन लागेल. विहिणीचं वजन विचारण्याचा नुसता विचार मनात आला आणि मारोतरावांच्या डोळ्यांपुढे आपल्या मुलीचा संसार मोडताना दिसू लागला. त्यांनी धर्मपालजींना बॅलन्सचं काय करायचं ते फार मोजक्या शब्दांत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सगळे तलावावर पोचले तेव्हा ऊन कोवळं होतं आणि मारोतराव इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात होते. श्रावणराव त्यांच्याहून पांढऱ्या शर्टात होते. खुशी गाडीतून उतरल्याबरोबर “आजोबा” म्हणत श्रावणरावांच्या कमरेला बिलगली, आणि बिलगलेल्या अवस्थेतच मान वळवून म्हणाली, “बाभुळगावचे आजोबा, बोटी कुठंयत?” एका वाक्यात दोन आजोबा आणि पाटी एकालाच. मारोतरावांनी तलावाकडे हात केला.

तलावाकडे हात करून झाल्यावर त्यांनी स्वतःही तिकडे पाहिलं. पाण्यावर हंसाच्या आकाराच्या दोन बोटी होत्या आणि मच्छीमारांचा असतो तसा एक लाकडी डोंगा. दोन हंसांपैकी एकाला नव्यानं रंग देताना पेंटरनं पापण्याही काढल्या होत्या, त्यामुळे तो हंस नुकताच रडून उठल्यासारखा दिसत होता. मारोतरावांनी बाबूसिंगला बाजूला घेऊन बाकीच्या बोटींची चौकशी केली. एकीची मान मोडली होती, दोन यात्रेला गेल्या होत्या.

“मी सगळ्या बोटी सांगतल्या होत्या.”

“सगळ्याच देल्ल्या ना साहेब. ह्या हायेत त्या सगळ्या.”

यात चूक काढता येईना. मारोतरावांनी ताबडतोब मनातलं वेळापत्रक बदललं. एका हंसात खुशी आणि आपण. दुसऱ्यात लेक-जावई. डोंग्यात दोघी विहिणी, आणि उमरखेडचे पाहुणे, म्हणजे पाहुण्यांना उन्हाचा त्रास असेल तर त्यांनी झाडाखाली सतरंजीवर आरामात बसावं. बोट चालू व्हायच्या आधी त्यांनी पिशवीतून नारळ काढला. तिथंच सगळं बिघडलं.

नारळ म्हटला की मान आला. तानाबाईंनी कोपरानं ढोसलं आणि हळूच बजावलं की इवायाच्या हातानं फोडा. मारोतरावांना नारळ स्वतः फोडायचा होता, फोटोसकट. पण रीत ती रीत. त्यांनी नारळ पुढे केला. श्रावणराव मागे सरकले आणि म्हणाले की कार्यक्रम तुमचा, तुम्हीच फोडा. मारोतराव म्हणाले, असं कसं, तुम्ही पाहुणे. श्रावणराव म्हणाले, तुम्ही वयानं मोठे. मारोतरावांना वय काढलेलं आवडलं नाही, त्यामुळे त्यांनी आग्रह आणखी वाढवला. आता गंमत अशी, की दोघांनाही नारळ फोडायचा होता आणि दोघांनाही तो समोरच्याच्या हातात कोंबल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. नारळ या पोटावरून त्या पोटावर जात राहिला. मध्येच नारळातून विषय बोटीवर गेला. बोटीत आधी कोणी बसायचं? आधी तुम्ही. छे, छे, आधी तुम्ही. दोघांच्या अंगावर केशरी लाइफ जॅकेट, दोघांचे हात जोडलेले, दोघांचेही दात दिसत होते आणि डोळ्यांत मात्र हसू नव्हतं.

शेवटी बाबूसिंग कंटाळला. त्यानं नारळ घेतला, हंसाच्या लोखंडी पट्टीवर आपटला आणि अर्धी अर्धी कवड दोघांच्या हातात दिली. तेवढ्यात तळ्याच्या मधून खिदळणं ऐकू आलं. दोन्ही आजोबांनी वळून पाहिलं. बाबूसिंगचा भाऊ हरिसिंग डोंगा वल्हवत होता, आणि डोंग्यात तानाबाई, विहीण नलूबाई आणि दोघींच्या मध्ये खुशी बसली होती. नलूबाई पाण्यात हात घालून तानाबाईंवर उडवत होत्या. ज्या विहिणी लग्नात एकमेकींशी मोजून चार वाक्यं बोलल्या होत्या, त्या शाळेतल्या पोरींसारख्या ओरडत होत्या. पलीकडे लेक-जावई पहिला हंस घेऊन निघूनही गेले होते. काठाला एकच बोट उरली होती. पापण्यांची.

आता तीत न बसणं म्हणजे व्याह्याबरोबर बसायला नकार देणं. आधी पाय कोणी टाकला हे सांगता येणार नाही, कारण दोघांनीही एकदमच टाकला, आणि धर्मपालजींचा बॅलन्स काय असतो तो मारोतरावांना त्या क्षणी समजला.

पायानं चालवायच्या बोटीत दोघांना सारखे पाय मारावे लागतात, आणि दिशा द्यायचा दांडा दोघांच्या मध्ये असतो. मारोतराव म्हणाले, दांडा तुम्ही धरा. श्रावणराव म्हणाले, तलाव तुमचा, तुम्हीच धरा. शिष्टाचार म्हणून कुणीच धरला नाही. पाय मात्र दोघांनीही ईर्ष्येनं मारले. मारोतरावांना वाटत होतं की व्याह्यापेक्षा आपण दमदार दिसावं, व्याह्यांनाही बहुधा तेच वाटत होतं. दोघे जिवाच्या करारानं पाय मारत होते आणि हंस जागच्या जागी गोल गोल फिरत होता. डोंग्यातून टाळ्या वाजल्या. खुशीला वाटलं, तिच्यासाठी मुद्दाम खेळ चालला आहे.

असं फिरत फिरत हंस काठापासून बराच दूर गेला. पाण्यावर प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं तरंगत होत्या. मारोतरावांनी त्यांना कचरा समजून लोकांच्या अस्वच्छतेवर दोन शब्द बोलायला सुरुवात केली, तोच खालून ओढ बसली आणि पाय हलेनासे झाले. त्या बाटल्या मासेमारीच्या जाळ्याच्या होत्या. जाळं हंसाच्या चाकात गुरफटलं होतं. मासे आमचे, असं सोसायटीच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं ते चुकीचं नव्हतं.

दोघे व्याही शेजारी शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसले. वर ऊन, खाली जाळं. मग श्रावणरावांनी घसा साफ केला.

“एक विचारू का व्याही? राग मानू नका. घोडा कुठं बांधता तुम्ही?”

“कोणता घोडा?”

“खुशीचा. पांढरा. उन्हाळ्यात तुम्ही तिला घेऊन दिलेला. पोरगी फोनवर सारखी तेच सांगायली, बाभुळगावच्या आजोबांनी घोडा घेतला, बाभुळगावच्या आजोबांनी घोडा घेतला.”

“मी आजवर कुत्रं नाही पाळलं इवाई. घोडा कायले पाळू?”

श्रावणरावांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. “मग मी ते तट्टू कशापायी घेतलं?” ते जवळजवळ स्वतःशीच म्हणाले. “खरं तट्टू आहे व्याही. दिवाळीच्या आधी घेतलं. गोदामाच्या मागं बांधायलो. खताची रिकामी पोती खाऊन ऱ्हायलंय. गिऱ्हाईक हसायलेत.”

म्हणजे खुशीनं सांगितलेल्यातला घोडा तेवढा खरा होता, आणि मारोतरावांनी नेमका तोच खोटा मानला होता. त्यांनी जपून विचारलं, “अन् बोट? पैनगंगेतली?”

“मला पाण्याची भीती वाटती व्याही. आज तुम्ही बोलावलं म्हणून बसलो. नसतो बसलो तर पोरगी म्हणली असती, बाभुळगावचे आजोबा बसले अन् हे नाही बसले.”

उंटाचंही विचारून झालं. उमरखेडात उंट नव्हता. उलट बाभुळगावात दुर्बीण होती, झाडावर बांधलेलं लाकडी घर होतं आणि दर रविवारी जादूचे प्रयोग होते, असं श्रावणरावांना सांगण्यात आलेलं होतं. झाडावरचं घर कोणत्या झाडावर आहे, हे बघायचं म्हणूनच ते एवढ्या पहाटे निघाले होते. मारोतरावांना आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग मनातल्या मनात बेरीज होताच हसू मावळलं. त्यांना मिळालेली थापांची शिदोरी म्हणजे एक उंट आणि एक बोट. श्रावणरावांना मात्र घोडा, दुर्बीण, झाडावरचं घर आणि वर जादू. खोटं बोलतानासुद्धा पोरीनं उमरखेडला झुकतं माप दिलं होतं.

“हे बरोबर नाही,” मारोतराव म्हणाले. “पोट्टीले दोन शब्द सांगाले पाह्यजे.”

“सांगायलाच पाहिजे,” श्रावणरावांनी लगेच मान हलवली. “तुम्ही सांगा.”

“मी कसा? तुमी तिच्या बापाचे बाप. मान तुमचा.”

“छे, छे. तलाव तुम्ही घेतला. तुमच्या आधी मी तोंड उघडणं शोभत नाही.”

सकाळी नारळावरून झालं तेच आता सगळं पुन्हा सुरू झालं, फक्त या वेळी आग्रह मनापासून होता. रागावणारा आजोबा पोरीच्या मनातून उतरणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. शेवटी असं ठरलं की दोघांनी मिळून, एकाच वेळी, सारख्याच आवाजात बोलायचं. श्रावणरावांनी हात पुढे केला आणि मारोतरावांनी तो धरला. लग्नात हार घातल्यानंतर दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच नीट हात लावला होता.

आता सुटका व्हायला हवी होती. मारोतरावांनी छाती भरून घेतली, आणि त्यांच्याही नकळत तोच जुना आवाज बाहेर पडला. “लक्ष द्या. लक्ष द्या. मच्छीमार सोसायटीच्या जाळ्यात एक बोट अडकली आहे. संबंधितांनी ताबडतोब यावं.” पलीकडच्या काठावर गुरं राखणारे लोक उठून उभे राहिले. आणि खरोखरच हरिसिंगचा डोंगा वळला. श्रावणराव व्याह्यांकडे पाहत राहिले. त्यांना हा आवाज फार आवडला असावा, कारण ते म्हणाले की असा आवाज दुकानात असता तर उधारी वेळेवर आली असती. मारोतरावांना ते कौतुक ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून ते स्वतःवरच चिडले.

डोंग्याला दोरी बांधून हंस काठाला आणण्यात आला. तानाबाई आणि नलूबाई हसून हसून दमल्या होत्या. झाडाखाली बाबूसिंगनं गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजून ठेवले होते, वांग्याच्या भाजीला तर्री आली होती. रोडगा फोडून त्यावर तूप ओतलं गेलं आणि खुशी आपली प्लेट घेऊन नेमकी दोन आजोबांच्या मध्ये येऊन बसली.

श्रावणरावांनी मारोतरावांकडे पाहिलं. मारोतरावांनी श्रावणरावांकडे पाहिलं. दोघांनी एकदम श्वास घेतला.

“मीच सांगितलं बोटवाल्या काकांना,” खुशी म्हणाली, तोंडात रोडगा. “म्हटलं, माझे आजोबा अडकलेत, त्यांना आणा.”

“कोणते आजोबा?” दोघांनी एकदम विचारलं. ठरल्याप्रमाणे एकाच वेळी आणि सारख्याच आवाजात एवढंच काय ते बोलून झालं.

खुशीनं एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. पुण्याच्या शाळेत काय शिकवतात कोण जाणे, पण ती घास पूर्ण संपेपर्यंत बोलली नाही. मग “दोन्ही” म्हणाली आणि वांग्याची भाजी मागायला उठून गेली. खोटेपणाचा विषय कुणी काढला नाही. रोडगे गरम होते आणि गार झालेला रोडगा खाणं हा अन्नाचा अपमान असतो.

दुपार कलली. सतरंज्या झटकल्या गेल्या. मारोतराव हौदावर हात धूत होते तेव्हा खुशी मागून आली, तिनं त्यांचा शर्ट ओढला आणि कानाशी येऊन कुजबुजली, “आजोबा, तुम्हीच माझे फेव्हरेट आहात. पण त्यांना सांगू नका हं, त्यांना वाईट वाटेल.”

मारोतरावांनी तिच्याकडे पाहिलं. आजोबा, म्हणाली होती. गाव नव्हतं. पाटी नव्हती. नुसतं आजोबा. ती पळून गेली तरी ते नळ चालू ठेवून कितीतरी वेळ हात धूत राहिले.

त्यानंतर त्यांच्यात जो मोठेपणा आला तो तानाबाईंनी आजवर कधी पाहिला नव्हता. त्यांनी व्याह्यांची पिशवी स्वतः उचलली. त्यांच्या ड्रायव्हरला पाणी दिलं. निघायच्या वेळी रीतीप्रमाणे श्रावणरावांच्या खांद्यावर शेला घातला, डोक्यावर टोपी ठेवली, आणि ठेवता ठेवता त्यांना या माणसाची मनापासून दया आली. बिचारा तट्टू घेऊन बसला, पाण्याला भिऊनही बोटीत चढला, आणि शेवटी हाती काय आलं? जिंकलेल्या माणसानं हरलेल्याला दोन गोड शब्द बोलावे, या विचारानं त्यांनी मनात वाक्यसुद्धा जुळवलं. वाईट वाटून घेऊ नका इवाई, लेकरू हाय, आज ना उद्या तुमालेही जीव लावंन.

ते तोंड उघडणार तोच श्रावणरावांनी टोपी नीट केली, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि भरल्या आवाजात म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका व्याही. लेकरू आहे. आज ना उद्या तुम्हालाही जीव लावंल.”

श्रावणरावांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, ते मारोतरावांनी मघाशी हौदाच्या पाण्यात स्वतःच्याच चेहऱ्यावर पाहिलं होतं. गाडीचं दार लागलं. गाडी उमरखेडच्या रस्त्याला लागेपर्यंत श्रावणराव काचेतून दयेनं बघत हात हलवत राहिले.

मारोतराव धुळीत उभे राहून विचार करू लागले. पोरगी या आजोबांना एक सांगते आणि त्या आजोबांना दुसरं, हे तर आज उघडच झालं होतं. याचा अर्थ दोघांपैकी एकाच्या कानात ती नक्की खोटं बोलली होती. कोणाच्या, हे ठरवायला त्यांना मुळीच वेळ लागला नाही, आणि पार घरी पोचेपर्यंत त्यांचं मन बिचाऱ्या श्रावणरावांसाठी तुटत राहिलं.